कपाटे हलविण्यापूर्वी

यंदा कोजागरीच्या रात्री जबलपुरातील आमच्या लहानशा मराठी वाचनालयाच्या गच्चीवर दूध आटत होते, त्याच वेळी खाली सभागृहात एक ठराव शिजत होता. दूध उत्तम झाले होते. भेडाघाटच्या नर्मदा महोत्सवाचा मोह टाळून बरीच मंडळी आली होती, केशर-चारोळीत कोणी हात आखडता घेतला नव्हता, आणि मुलींनी भोंडल्याची गाणी, अर्थ कळो वा न कळो, मोठ्या ठसक्यात म्हटली होती. ठरावाची चव मात्र आमच्या जिभेवर अद्याप कडू आहे. तो असा: सभागृहातील पुस्तकांची पाच कपाटे मागील ओसरीत हलवावी, जुने दिवाळी अंक रद्दीत काढावे, आणि मोकळे झालेले सभागृह वाढदिवस, साखरपुडे व तत्सम समारंभांसाठी भाड्याने द्यावे. निर्णय त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या रविवारी सर्वसाधारण सभेत व्हावयाचा आहे.

हा ठराव कोणा ग्रंथद्वेष्ट्याने मांडलेला नाही. तसे असते तर उत्तर देणे सोपे होते. मांडणारे, अनुमोदन देणारे आणि माना डोलावणारे आम्ही सर्व एकाच पंगतीचे आहोत: केंद्र सरकारच्या नाना कचेऱ्यांतून, रेल्वेतून, हिशेब खात्यातून, संरक्षणसामग्रीच्या कारखान्यांतून बदलीवर येथे आलेले, पदवी घेतलेले आणि मराठीवर आपले प्रेम असल्याचे चारचौघांत सांगणारे लोक. आम्हीही त्या रात्री पेला हाती धरून गप्प बसलो. त्या मौनाची भरपाई म्हणून हे लिहीत आहोत. या पानांचे वाचक देशाच्या कानाकोपऱ्यांत अशाच एखाद्या वाचनालयाच्या आसऱ्याने आणि अशाच गप्प बसण्याच्या सवयीने दिवस काढीत असतील, असा आमचा तर्क आहे. तेव्हा भांडण जबलपूरचे असले तरी ते त्यांचेही आहे.

प्रथम ठरावाच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य करू. वाचनालयाला पैसा नाही. विजेचे बिल भरावयाचे असते, ग्रंथपालांना तुटपुंजे का होईना मानधन द्यावयाचे असते, आणि दर पावसाळ्याने एखादी भिंत ओली व एखादे कपाट वाळवीच्या स्वाधीन केलेले असते. सरकारकडे पाहावे तर १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा महाराष्ट्राच्या वेशीवर थांबतो. एके काळी जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती आणि त्या जुन्या मध्यप्रदेशात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नव्या मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले, आणि येथील मराठी भाषा कचेरीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन बसली. याबद्दल आमची तक्रार नाही. भाषेच्या आधारे राज्ये आखली की असे होणारच. परंतु जी भाषा सरकारदरबारी उरली नाही, जी शाळेत बहुतेकांच्या मुलांना मिळत नाही, तिला घराबाहेर उभे राहावयास एखादेच छप्पर असते. आमच्या बाबतीत ते छप्पर या वाचनालयाचे आहे. त्या छपराखालून प्रथम कोणाला बाहेर काढावयाचे, हा आजचा प्रश्न आहे. आणि ठरावाचे उत्तर आहे: पुस्तकांना.

पैसा का नाही, हे मात्र ठरावात लिहिलेले नाही. आम्ही कारकून माणसे. नोंदवही पाहिल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. कोजागरीनंतर दोन दिवसांनी आम्ही ग्रंथपालांकडून देवघेवीची वही मागून घेतली आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसून चाळली. दिवाळीनंतरची पाने गच्च भरलेली. एकेका दिवाळी अंकासाठी चार-चार नावे ओळीने वाट पाहत उभी. माघ उजाडला की ओळी विरळ होऊ लागतात. चैत्रात पाने जवळजवळ कोरी. मग भाद्रपदात गणपतीच्या वर्गणीबरोबर पुन्हा काही नावे उगवतात, आणि अश्विनात, दिवाळी अंकांची योजना जाहीर झाली की, सभासदांचा पूर येतो. शरदात जागणारे आणि शिशिरात झोपी जाणारे हे सभासद कोण, हे पाहू गेलो तर निम्म्याहून अधिक नावे बदलीवाल्यांची निघाली. त्यांत आमचेही नाव होते. मागल्या वर्षी चार दिवाळी अंक नेल्याची नोंद, चारही परत केल्याची नोंद, आणि त्यापुढे वर्षभर काही नाही.

तात्पर्य, वाचनालयाची वर्गणी पुरत नाही याचे कारण आम्ही ती दोन महिने भरतो, हे आहे. बारा महिने उघडे राहणारे दार आम्हांस दोन महिन्यांच्या भाड्यात हवे आहे. आणि उरलेल्या दहा महिन्यांची तूट भरून काढण्यासाठी आम्हीच ठराव करतो की, पुस्तके ओसरीत न्या.

दिवाळी अंक ही गोष्ट हलकी नाही, उलट ती मराठी वाचकाच्या अभिमानाची आहे. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शतकाहून अधिक काळ मराठी माणसाचा शरद ऋतू फराळाच्या ताटाइतकाच छापील पानांनी ओळखला गेला आहे. 'मनोरंजन'चे संपादक काशिनाथ रघुनाथ हे मूळचे आजगावकर. पण बंगाली भाषेवरील प्रेमाने त्यांनी 'मित्र' हे नाव धारण केले. परभाषेवर इतके प्रेम करणाऱ्या संपादकाच्या हातून आपल्या भाषेची ही परंपरा सुरू झाली, हे परप्रांतात राहणाऱ्या आम्हांस विशेष वाटावयास हवे. ज्या भाषेत वर्षातून एकदा एवढ्या कथा, कविता, लेख आणि व्यंगचित्रे एकदम छापली जातात, तिच्यात त्या सर्वांची पुढे पुस्तके होत नाहीत. पुष्कळ मजकूर त्या अंकातच जन्मतो आणि तेथेच राहतो. म्हणून जुना दिवाळी अंक हा जुन्या वर्तमानपत्रासारखा नसतो. तो रद्दीत गेला म्हणजे त्यातील एखादी कथा आमच्या गावापुरती कायमची गेली असे समजावे.

बंगाल्यांचे नाव निघाले म्हणून एक शेजारधर्माची गोष्ट सांगतो. जबलपुरात शारदीय नवरात्रात दुर्गापूजेचे मंडप पाहत फिरणे हा आम्हां सर्वांचा नेम आहे. सिटी बंगाली क्लबच्या पूजेला आम्हीही जातो, खिचडीचा भोग घेतो आणि 'या लोकांची एकी पाहा' असे म्हणत घरी येतो. त्या पूजेच्या फलकावर संस्थेचे नाव असते, ते सिद्धिबाला बोस लायब्ररी असोसिएशन. वर्षानुवर्षे तो फलक आमच्या डोळ्यांसमोरून गेला. त्यातील 'लायब्ररी' हा शब्द आमच्या लक्षात कधी आला नाही. देवीच्या उत्सवाच्या मांडवावर ग्रंथालयाचे नाव मिरवणारे लोक शेजारी असताना, आम्ही ग्रंथालयाच्या पाटीखाली साखरपुड्याचा मांडव घालावयास निघालो आहोत.

३ ऑक्टोबर २०२४ हा दिवस आठवा. घटस्थापना होती. त्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. बंगाली, असमिया, पाली आणि प्राकृत यांनाही त्याच दिवशी दिला. आमच्या वाचनालयात पेढे वाटले गेले. आमच्या भ्रमणध्वनीवर अभिनंदनाच्या संदेशांची रांग लागली. गाथासप्तशतीपासून ज्ञानेश्वरीपर्यंतची नावे ज्याच्या त्याच्या तोंडी होती. देवघेवीच्या वहीत आम्ही त्या आठवड्याचे पान मुद्दाम उघडून पाहिले. त्या आठवड्यात ज्ञानेश्वरी कोणी नेलेली नाही. पेढे नेलेले आहेत. अभिजात म्हणजे काय, याचा निर्णय मंत्रिमंडळ करू शकते. ती भाषा वाचावयाची की नाही, याचा निर्णय मात्र ज्याचा त्याला करावा लागतो.

आता ठरावाच्या पुरस्कर्त्यांचे तीन आक्षेप घेऊ. ते त्या रात्री मोठ्याने मांडले गेले, आणि त्यांना उत्तर त्याच रात्री मिळावयास हवे होते.

पहिला आक्षेप: 'आता सारे मोबाईलवर मिळते, कपाटे कशाला?' पुष्कळ मिळते, हे खरे. आम्हीही वाचतो. परंतु जे मागावयाचे ते आधी ठाऊक असेल तरच तेथे मिळते. आठ वर्षांचे मूल कपाटासमोर उभे राहते, एका पाठीवरील रंगीत चित्र पाहून पुस्तक ओढते आणि जमिनीवर फतकल मारून वाचावयास लागते. त्याला लेखकाचे नाव ठाऊक नसते, पुस्तकाचेही नसते. हा अपघात कपाटासमोरच घडतो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ती सर्वच्या सर्व पुस्तक आणि वाचक यांची गाठ घालून देण्याभोवती फिरतात. सभागृहाच्या भाड्याचे सूत्र त्यांत नाही. ओसरीत, काळोखात, कुलूप लावून ठेवलेल्या कपाटासमोर कोणतीही गाठ पडत नाही. तेथे पुस्तकांची गाठ फक्त वाळवीशी पडते.

दुसरा आक्षेप: 'कार्यक्रमांना माणसे येतात, पुस्तकांना येत नाहीत.' आम्ही कार्यक्रमांचे वैरी नाही. भोंडला असावा, कोजागरी असावी, दिवाळी पहाटेचे गाणे असावे, तुळशीच्या लग्नाला आवळे-चिंचा असाव्यात. परमुलखात वाढणाऱ्या मुलांच्या कानावर एवढे तरी पडते. पण गच्चीवर जाणारा जिना सभागृहातून जातो आणि दूध पिऊन उतरणाऱ्या शंभर माणसांपैकी एकही कपाटापाशी थबकत नाही, तर हा दोष पुस्तकांचा की कार्यक्रम आखणाऱ्यांचा? कोजागरीला प्रत्येक घराने वर्षभरात वाचलेल्या एका पुस्तकाविषयी चार वाक्ये बोलावीत, असे आजवर आम्ही कधी सुचविले काय? दिवाळी पहाटेच्या प्रवेशिकेबरोबर एक पुस्तक घरी न्यावे, असा नियम कधी केला काय? कार्यक्रमाने वाचनालयाकडे माणसे आणावयाची, हे विसरून आम्ही वाचनालयाकडून कार्यक्रमाला जागा मागितली. आता ती जागाही अपुरी वाटू लागली आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत हळू आवाजात आला आणि तोच सर्वांत खोल आहे: 'आम्ही येथे तीन-चार वर्षांचे सोबती, मुले हिंदीत वाढणार, एवढा अट्टाहास कोणासाठी?'

याचे उत्तर दोन भागांत देतो. मुले हिंदीत वाढतील, हे खरेच आहे, आणि त्यात खेद मानण्याचे कारण नाही. जबलपूरच्या शेजारच्या दमोह जिल्ह्यात, पथरिया येथे १८७१ साली एका मराठी घरात माधवराव सप्रे जन्मले. हिंदी पत्रकारितेच्या आद्य पुरुषांत त्यांची गणना होते. १९२० साली 'कर्मवीर' हे पत्र याच जबलपुरातून निघाले, त्यामागे त्यांचीच प्रेरणा होती आणि संपादक होते माखनलाल चतुर्वेदी. याच सप्र्यांनी समर्थांचा दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले. हिंदीत गेल्याने त्यांची मराठी सुटली नाही. सुटली असती तर हिंदीलाही दासबोध त्यांच्या हातून मिळाला नसता. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले, त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे. एकाच घरात दोन्ही भाषा नांदल्या, कारण त्या घरात दोन्हींसाठी जागा होती. आमच्या घरांत मराठी पुस्तकाला जागा किती, हे ज्याने त्याने आपल्या दिवाणखान्यात पाहावे.

शिवाय जबलपूरच्या मराठी मुलाला एक सवलत आहे, जी चेन्नईच्या वा कोलकात्याच्या मुलाला नाही. त्याला लिपी येते. शाळेने हिंदीसाठी त्याला देवनागरी शिकवून आमच्या हाती दिलेले आहे. घरात बोललेली मराठी त्याच्या कानात आहे. कान तयार, डोळे तयार. मध्ये अडथळा उरला तो 'ळ' या एका अक्षराचा आणि थोड्याशा सरावाचा. एवढ्या जवळ आलेल्या मुलाला आम्ही मराठी पुस्तक देत नाही आणि 'त्याला मराठी वाचता येत नाही' असे पाहुण्यांपुढे हसत सांगतो. यात हसण्यासारखे काय आहे, ते आम्हांस समजलेले नाही.

दुसरा भाग आमच्या तीन-चार वर्षांचा. हे वाचनालय कोणी उभे केले? येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घराणी आहेत. त्यांनी जागा सांभाळली, दिवा लावला, हिशेब ठेवले. पण पुस्तकांची पहिली पाने उलटून पाहिली तर तेथे निळ्या शाईत नावे दिसतात आणि नावांखाली पदे: तारखात्यातील कोणी, तोफगाडीच्या कारखान्यातील कोणी, रेल्वेच्या लेखाशाखेतील कोणी. 'बदलीप्रसंगी सप्रेम भेट' असा मजकूर एकाच हस्ताक्षरात नाही, वेगवेगळ्या वीस हस्ताक्षरांत आम्ही वाचला. हे लोकही तीन-चार वर्षांचेच सोबती होते. जाताना सामानाचा बोजा कमी करावयाचा म्हणूनही त्यांनी पुस्तके दिली असतील. पण ती रद्दीवाल्याला दिली नाहीत, येथे आणून दिली. आम्ही वाचतो ती त्यांची पुस्तके. ज्यांनी आमच्यासाठी ठेवले त्यांची आम्हांस ओळख नाही, आणि आम्ही ज्यांच्यासाठी ठेवू त्यांचीही ओळख आम्हांस होणार नाही. बदलीच्या नोकरीत एवढीच एक परंपरा आम्हांस शक्य आहे. ती मोडण्याचा अधिकार आम्हांस कोणत्या शासननिर्णयाने मिळाला?

आणि मोडावयाचीच असेल तर निदान रीतीने मोडा. आमच्या कचेरीत एखादी जुनी नस्ती नष्ट करावयाची झाली तर तिची वर्गवारी पाहतात, जतनाची मुदत पाहतात, यादी करतात, अधिकाऱ्याची सही घेतात. पंख्याच्या दुरुस्तीच्या पत्रव्यवहारालाही हा मान मिळतो. दिवाळी अंकांच्या कित्येक वर्षांच्या गठ्ठ्यांबद्दल मात्र ठरावात एकच वाक्य आहे: 'रद्दीत काढावे.' यादी नाही, तपासणी नाही. कोणत्या अंकाची प्रत अन्यत्र आहे आणि कोणत्याची नाही, याची विचारपूस नाही. दिवसभर ज्या काटेकोरपणाचा आम्ही पगार घेतो, तो संध्याकाळी वाचनालयात येताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो काय?

केवळ विरोध करून आम्ही थांबणार नाही. सभेत आमच्याकडून पुढील गोष्टी मांडल्या जातील. दिवाळी अंकांची योजना वर्षभराच्या सभासदत्वाला जोडावी. दोन महिन्यांचे सभासदत्व बंद करावे. ज्यांना अंक हवे आहेत ते बारा महिन्यांची वर्गणी देतील, आणि न देतील तर त्यांचे प्रेम किती होते ते एकदा कळून तरी येईल. बदली झालेल्या सभासदाने अनामत रक्कम परत मागू नये आणि आपल्याकडील एक तरी पुस्तक ठेवून जावे. सभागृह संध्याकाळी भाड्याने द्यावयाचे असेल तर खुशाल द्यावे, पण कपाटांसह. ज्यांना पुस्तकांच्या सान्निध्यात साखरपुडा करणे अपशकुनी वाटेल त्यांनी दुसरे कार्यालय पाहावे. जुन्या अंकांची यादी नाताळच्या सुटीत आम्ही करून देऊ. वाळवीने खाल्लेले आणि दुबार असलेले काढावे, बाकीचे ठेवावे. महिन्यातून एक रविवार मुलांच्या वाचनासाठी राखावा.

खमरिया, रांझी यांसारख्या दूरच्या वसाहतींतून वाचनालयापर्यंत येणे होत नाही, ही तक्रार रास्त आहे. तिच्यावर उपाय जुना आणि सिद्ध आहे. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणले, त्यात पुस्तकांच्या फिरत्या पेट्याही होत्या. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेतून ग्रंथपेट्या पार परदेशापर्यंत पोहोचविल्या. सयाजीरावांचा खजिना आमच्यापाशी नाही. पण एक पत्र्याची पेटी, पंचवीस पुस्तके आणि वसाहतीतील एक घर एवढे जुळविणे आमच्या आवाक्याबाहेरचे खचित नाही. पहिली पेटी आम्ही आमच्या घरी ठेवावयास तयार आहोत.

ठराव संमत होईल की नाही, हे आज सांगवत नाही. आमच्याच पंगतीचे लोक बहुसंख्य आहेत आणि भाड्याचा आकडा कागदावर गोजिरवाणा दिसतो. आमची एकच विनंती आहे. त्या रविवारी सभेची वेळ होण्यापूर्वी पंधरा मिनिटे या. कोणत्याही एका कपाटाचे दार उघडा, हाताला लागेल ते पुस्तक काढा आणि पहिल्या पानावर ज्याने ते दिले त्याचे नाव व बदलीची तारीख असेल तर ती वाचा. मग जागेवर जाऊन बसा आणि ज्याला हात वर करावासा वाटेल त्याने करावा.